मास्तरांच्या घरातला सांगाडा

अहो वहिनी, कढीपत्ता हवा तेवढा तोडा, पण आधी जरा इकडे भिंतीपाशी या. तुमच्या ओंकारनं काय डोक्यात घेतलंय? काल मला फाटकाशी गाठून म्हणाला, "काकू, बेअरबोन आणून स्वतः जोडला तर गेमिंग लॅपटॉप निम्म्यात पडतो ना?" निम्म्यात! हे त्याला मास्तरांच्या नातवानं, त्या पिंट्यानं सांगितलं असणार. पिंट्याचं हे जुनंच आहे. हिशेब सांगताना सोयीचे आकडे तेवढे सांगायचे आणि बाकीचे आईच्या खात्यावर टाकायचे.

खरं काय झालं ते मी सांगते, मी होते ना तिथं. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात तारा सोडवण्यात गेली, बारीक स्क्रूड्रायव्हरचा डबा अजून कपाटात आहे, म्हणून मास्तरांनी बोलावलं. म्हणजे बोलावलं स्क्रूड्रायव्हरांना. मी त्यांच्याबरोबर गेले.

तर मास्तरांची लेक असते स्टुटगार्टला, ठाऊक आहेच तुम्हाला. पिंट्यानं आत्याला महिनोन्महिने भंडावून सोडलं. तिकडे क्लेव्होचे सांगाडे, म्हणजे हेच बेअरबोन, मिळतात म्हणे. क्लेव्हो म्हणजे तैवानची कंपनी, १९८३ पासूनची. ती स्वतःच्या नावानं फारसं विकत नाही. तिचा खोका घ्यायचा, आत माल भरायचा आणि आपलं नाव चिकटवून विकायचं, असे कितीतरी विक्रेते आहेत युरोप-अमेरिकेत. जर्मनीतलं एक्सएमजी त्यातलंच. चीनच्या टोंगफांगचाही हाच धंदा. इंटेलनं सुद्धा एनयूसी एक्स-१५ नावाचे असे लॅपटॉपचे किट काढले होते, पण २०२३ मध्ये त्यांनी तो एनयूसीचा सगळा कारभारच सोडला आणि तो गेला असूसकडे. मला कसं ठाऊक? अहो, स्क्रू काढता काढता पोरगं अखंड बोलत होतं, आणि मी घरी येऊन एकेक पडताळून पाहिलं. ती खात्यातली सवय जात नाही.

आत्याला कुठल्याशा दुकानात पडून राहिलेला एक सांगाडा उतरवलेल्या भावात मिळाला. साडेपाचशे युरोच्या आसपास. नाताळच्या सुट्टीत घेऊन आली. हातातल्या पिशवीतून, कारण बॅटरी आतच होती आणि लिथियमची बॅटरी शंभर वॅट-अवरच्या आतली असली तरी ती जवळच ठेवलेली बरी. अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप करमुक्त आणता येतो, त्यामुळे इकडे प्रश्न नव्हता. गंमत तिकडे निघताना झाली. तपासणीला म्हणे बाईनं सांगितलं, चालू करून दाखवा. आता आत रॅम नाही, डिस्क नाही, चालू काय होणार? बटण दाबलं तर दिवा लागला, पंखा घरघरला आणि स्क्रीन काळीच्या काळी. आत्यानं बिल काढून दाखवलं, त्यावर 'रॅमशिवाय, एसएसडीशिवाय' असं छापलेलं. त्यांनी तो खोका उलटापालटा करून पाहिला आणि सोडलं एकदाचं. विमान चुकता चुकता राहिलं. हे पिंट्यानं ओंकारला सांगितलं का? नसेलच सांगितलं.

बेअरबोन म्हणजे नक्की काय, हे तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. बिल्डर फ्लॅट देतो ना, भिंती, नळ, वायरिंग त्याचं आणि पंखे, दिवे, शेगडी आपली, तसलाच प्रकार. खोका, स्क्रीन, कीबोर्ड, मदरबोर्ड, आतले पंखे, बॅटरी आणि चार्जरची ती वीट, एवढं येतं. रॅम, एसएसडी आणि विंडोज आपलं आपण बघायचं. वाय-फायचं कार्ड कधी असतं, कधी नसतं. यांच्यात नव्हतं.

म्हणजे बघा, मुलं म्हणतात 'लॅपटॉप बांधला', तर त्यात बांधायचं असतं किती? प्रोसेसर आणि ग्राफिक्सची चिप, गेम ज्यांच्यावर चालतो त्या दोन्ही गोष्टी मदरबोर्डवर आधीच डाखलेल्या. त्या पुढं कधी बदलता येत नाहीत. पूर्वी तसं नव्हतं हं. इंटेलच्या लॅपटॉपच्या प्रोसेसरला सॉकेट असायचं, हॅसवेलच्या पिढीपर्यंत, २०१३-१४ सालचं म्हणते मी. ग्राफिक्सही एमएक्सएम नावाच्या खाचेत वेगळं बसायचं. क्लेव्होनं तर पुढं २०२० मध्ये एक्स-१७० काढला, त्यात चक्क टेबलावरच्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर बसायचा. वजन चार किलोच्या वर. मांडीवर घेतला असता तर मांडी गेली असती. तो प्रकार आता संपला. त्यामुळे मी पिंट्याला तोंडावर म्हटलं, तू जोडणार ते चार तुकडे, बाकी सगळं तैवानात झालंय. तर रागावला माझ्यावर.

आणि इथंच फसायला होतं, हे ओंकारला नीट सांगा. ग्राफिक्सचं नाव बघून सांगाडा घ्यायचा नाही, वॅट विचारायचे. यांच्यात एनव्हीडियाचं आरटीएक्स ४०५० आहे, लॅपटॉपचं. ६ जीबीचं. हे एकच नाव ३५ वॅटच्या यंत्रावरही असतं आणि ११५ वॅटच्या यंत्रावरही. एनव्हीडियाच्या स्वतःच्या तक्त्यातच तशी मुभा आहे. नाव तेच, स्टिकर तोच, पण पातळ खोक्यात उष्णता बाहेर टाकायला जागा नसते, मग कंपनी वॅट कमी ठेवते आणि गेम अडखळतो. मोठ्या अक्षरात कुणी लिहीत नाही ते. तपशिलाच्या कागदावर खाली कुठंतरी टीजीपी म्हणून आकडा असतो. आत्यानं विचारून घेतला होता, तेवढी ती हुशार. मास्तरांचीच लेक ना.

मग रॅम. इथं सगळं गाडं अडलं. पिंट्याच्या बापाच्या ऑफिसनं मोडीत काढलेला एक लॅपटॉप घरात होता. पिंट्या म्हणाला, त्यातली रॅम काढतो, पैसे वाचले. काढली, आणि बसेचना. रेटायला लागला तर मी हात धरला. जुनी डीडीआर-४, नव्याला लागते डीडीआर-५. दोन्ही लांबीला सारख्याच दिसतात, पण डीडीआर-४ च्या पट्टीला २६० पिना आणि डीडीआर-५ ला २६२, आणि मधली खाच जरा सरकवलेली. चुकीची बसूच नये म्हणूनच ती खाच सरकवलेली असते आणि हा पठ्ठ्या जोर लावतोय!

नवी घ्यायला गेले तर भाव ऐकून पिंट्याचा बाप खालीच बसला. २०२५ च्या शेवटी शेवटी रॅम एकदम भडकली ना. दुपटीच्याही पुढं. कारण काय तर त्या एआयवाल्यांच्या डेटा सेंटरना मेमरी लागते, ती बनवणाऱ्या कंपन्या जगात मोजून तीन मोठ्या, आणि तिघींनाही मोठं गिऱ्हाईक सोडून आपल्या पिंट्याकडे बघायला सवड नाही. मायक्रॉननं तर डिसेंबरात जाहीरच केलं की 'क्रुशिअल' नावानं साध्या गिऱ्हाइकाला विकायचा धंदा आम्ही बंद करतोय. तयार लॅपटॉपवाल्यांनी रॅम आधीच घाऊक घेऊन ठेवलेली, त्यांना ही झळ उशिरा लागते. सुटा माल घेणाऱ्याला आधी लागते. म्हणून म्हणते, बेअरबोनचं गणित यंदा तरी अगदीच उलटं बसलंय.

शेवटी बापलेक लॅमिंग्टन रोडला गेले. बदलापूरहून दादर, तिथून पश्चिमेची गाडी पकडून ग्रँट रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलंय, पण विचारायचं लॅमिंग्टन रोडच. दुकानदारानं सोळाची एक पट्टी दाखवली, दोन आठच्यापेक्षा जरा स्वस्त. पिंट्याचा बाप लगेच हो म्हणणार, तर पिंट्यानं हट्टच धरला की आठ-आठच्या दोनच हव्यात. तिथं मात्र पोरगं बरोबर होतं. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसर दोन्हींकडून एकाच वेळी वाचतो, एकच असली की तेवढ्याच वेळात निम्मं हाती लागतं. गेममध्ये कळतं ते. एक टेराबाइटची एसएसडी घेतली, इंटेलचं एएक्स-२१० वाय-फाय कार्ड घेतलं आणि येताना दादरला वडापाव. वडापावाचेही पैसे पिंट्यानं हिशेबात धरले नाहीत.

जोडणी झाली मास्तरांच्या जेवणाच्या टेबलावर. जानेवारीतला कोरडा वारा, आणि हा नायलॉनचं जर्किन घालून बसलेला. मी आधी ते काढायला लावलं. अंगातली स्टॅटिक चिपमध्ये उतरली तर ठिणगीसुद्धा दिसत नाही आणि माल जातो. फ्रिजच्या मागच्या उघड्या पत्र्याला हात लावून ये म्हटलं, मग बस. खोका पालथा घातला. खालच्या झाकणाला डझनभर स्क्रू, त्यात दोन लांब आणि बाकीचे आखूड. लांब स्क्रू चुकून आखूडच्या जागी पिळला तर वरच्या बाजूनं कीबोर्डला फुगवटा येतो. म्हणून कालनिर्णयचं सरलेल्या महिन्याचं पान घेतलं, मागं झाकणाचा आकार काढला आणि जिथला स्क्रू तिथं चिकटपट्टीनं लावला. स्क्रू निघाले तरी झाकण निघत नाही, कडेनं प्लास्टिकचे चिमटे असतात. जुनं एटीएम कार्ड फटीत घालून सरकवत न्यायचं, टक-टक-टक आवाज येत उघडतं. पिंट्याच्या आईला वाटलं मोडलं. देवघरातून ओरडली.

पहिलं काम बॅटरीचं कनेक्शन काढणं. ते मी केलं, पोरावर सोडलं नाही. रॅम तिरकी धरून खाचेत सारायची, मग खाली दाबायची, की दोन्ही बाजूंचे चिमटे आपसूक बसतात. एसएसडीही तशीच तिरकी जाते, सोडली की वर उचलते, म्हणून एका बोटानं दाबून धरायची आणि टोकाला तो तिळाएवढा स्क्रू लावायचा. तो स्क्रू पडला. पडणारच. टेबलाखाली मास्तर, पिंट्या आणि पिंट्याचा बाप तिघंही टॉर्च घेऊन रांगत होते. मी बसून चहा घेतला. सापडला तो मास्तरांच्या धोतराच्या निऱ्यांत.

पण खरी कसोटी वाय-फायची. कार्ड छोटं, पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडं मोठं. त्याला दोन बारीक तारा लागतात, एक काळी, एक पांढरी, स्क्रीनच्या कडेनं गेलेल्या अँटेनाच्या. टोकाला पितळेचं वाटोळं टोपण, मोहरीपेक्षा जरा मोठं. ते कार्डावरच्या गुंडीवर अगदी सरळ ठेवून नखानं दाबायचं. तिरकं दाबलं तर गुंडी चेपते आणि कार्ड गेलं कामातून. पिंट्याचा हात थरथरायला लागला. मला म्हणाला, काकू तुम्ही लावा. लावलं. सगळ्या नोकरीत एवढं बारीक काम केलं नव्हतं, पण 'टिक' असा आवाज आला आणि गप्प झालेल्या सगळ्यांनी श्वास सोडला.

मग बॅटरी जोडली, झाकण नुसतंच टेकवलं, बटण दाबलं. दिवा लागला. पंखा फिरला. आणि स्क्रीन काळी. अर्धा मिनिट गेलं, मिनिट गेलं. पिंट्याच्या आईनं डोळ्याला पदर लावला. बाप म्हणाला, एवढे पैसे घातले. पिंट्या बटण बंद करायला धावला, तर मी म्हटलं थांब, हात लावू नकोस. नवी डीडीआर-५ रॅम पहिल्यांदा घातली की यंत्र तिची चाचणी घेत बसतं, कुठल्या वेगाला ती नीट चालते ते आजमावतं. त्यात काही मिनिटंही जातात आणि तोवर स्क्रीनवर काही दिसत नाही. मधेच बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून. मास्तर खुर्चीत शांत बसून म्हणाले, "परीक्षा चालू आहे, वर्गात बोलू नका." आणि तेवढ्यात उजळली की हो स्क्रीन!

पुढचा त्रास विंडोजचा. पेनड्राइव्हवरून घालायला घेतलं तर ते म्हणतं, डिस्कच सापडत नाही. नवी कोरी एसएसडी समोर बसवलीय आणि हे म्हणतं नाही! इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या यंत्रांत व्हीएमडी म्हणून एक व्यवस्था असते, ती चालू असली की विंडोजच्या इन्स्टॉलरला तिचा ड्रायव्हर वेगळा द्यावा लागतो. नाहीतर बायोसमध्ये जाऊन ती बंद करायची. बंद केली, दिसली डिस्क. पुढं गेलं तर म्हणतं इंटरनेट जोडा. वाय-फायचा ड्रायव्हर इंटरनेटवर, आणि इंटरनेट वाय-फायशिवाय नाही. शेवटी पिंट्याच्या आईचा फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग केलं तेव्हा गाडी हलली. त्यात तिचा त्या दिवसाचा सगळा डेटा संपला आणि रात्रीची मालिका बुडाली. ती अजून बोलत असते.

लिनक्स? हो, तोही विचार झाला होता, विंडोजचे पैसे वाचवायला. वाल्वनं २०१८ मध्ये प्रोटॉन काढल्यापासून विंडोजचे पुष्कळ गेम लिनक्सवर चालतात, आणि चांगले चालतात. पण पिंट्याचा सगळा कंपू खेळतो व्हॅलोरंट, आणि त्याचं ते राखणदार सॉफ्टवेअर लिनक्सला दारात उभं करत नाही. विंडोज ११ वर सुद्धा सिक्युअर बूट आणि टीपीएम चालू असेल तरच आत घेतं. म्हणजे विंडोज आलंच, आणि त्याचे पैसेही आले.

आता कीबोर्डचं ऐका. माल जर्मनीचा, म्हणून कीबोर्ड जर्मन. वायच्या जागी झेड आणि झेडच्या जागी वाय. डोक्यावर दोन टिंबं दिलेली अक्षरं कडेला. पिंट्या म्हणतो मला फरक पडत नाही, गेमला लागणारे डब्ल्यू, ए, एस, डी तिथंही जिथल्या तिथंच असतात. खरंय. पण परवा कॉलेजचं सबमिशन टाइप करताना त्यानं सेटिंग जर्मनच राहू दिलं आणि सगळीकडे झेडचा सुळसुळाट. आता अक्षरांवर स्टिकर लावलेत. नवा कीबोर्ड मागवायचा तर त्याच खोक्याचा हवा आणि तो इकडच्या दुकानात मिळत नाही. एखादा पंखा गेला तरी तीच कथा, आत्या पुढच्या वेळी येईपर्यंत वाट बघायची. तयार लॅपटॉप घेतला तर दारात मेकॅनिक येतो हो.

चार्जरची वायरही जर्मन, जाड दोन पिनांची. विटेचं मागचं भोक मात्र जुन्या डेस्कटॉपच्या केबलीचंच होतं, ती केबल माळ्यावर मिळाली. पिंट्या आधी कन्व्हर्टर लावून दोन पिनांवरच चालवत होता. मी म्हटलं, मनगट टेकलं की मुंग्या येतात ना? येतात म्हणाला. मग अर्थिंग कोण देणार, तुझी आत्या? तीन पिनांची केबल लावल्यावर मुंग्या बंद झाल्या.

किंमत? हां, त्यासाठीच तर बोलावलं तुम्हाला. सांगाडा पंचावन्न-साठ हजारांच्या घरात, त्यावर रॅम, एसएसडी, कार्ड, विंडोज. सगळं मिळून नव्वदीला टेकलं. आमच्या भाच्यानं दिवाळीच्या सेलमध्ये त्याच ४०५० चा तयार लॅपटॉप सत्तरच्या आत घेतला, वॉरंटीसकट. पिंट्या 'निम्म्यात' म्हणतो कारण सांगाड्याचे अर्धे पैसे आत्यानं वाढदिवसाचे म्हणून दिले. ओंकारला स्टुटगार्टची आत्या आहे का? मग झालं तर. आणि कुरिअरनं मागवायचं म्हणाल तर वर कर पडेल तो वेगळाच.

एक मात्र कबूल करते. ओंकारला हौसच असेल तर तयार लॅपटॉप घ्या, पण असा घ्या की ज्याची रॅम आणि एसएसडी काढता-घालता येते, कमी रॅमचा, स्वस्तातला. रॅम उतरली की वाढवू. झाकण उघडायला मी येईन, स्क्रूड्रायव्हर घेऊन. पिंट्या आता दर दोन महिन्यांनी झाकण काढून पंख्यावरची धूळ ब्रशनं झाडतो, आतलं त्याला तोंडपाठ झालंय. भाच्याला त्याच्या लॅपटॉपचं झाकण कुठून उघडतं हेही ठाऊक नाही.

थांबा, जाऊ नका, मुख्य बातमी राहिलीच. पिंट्या कॉलेजला गेला की दुपारी त्या यंत्रावर कोण बसतं माहितीय? मास्तर! युरो ट्रक सिम्युलेटर खेळतात. आत्यानंच जाताना शिकवून ठेवलं. त्यात स्टुटगार्ट आहे ना, म्हणून रोज दुपारी कुठून कुठून माल भरून स्टुटगार्टला नेऊन टाकतात. उजव्या बाजूनं गाडी चालवायची सवय नाही, त्यामुळे सगळी कमाई दंडात जाते. काल पुन्हा सिग्नल तोडला, साडेचारला ट्रक कडेला घालून चहाला उठले. सूनबाईला काही पत्ता नाही हं, तिला वाटतं पेपर वाचतात.